संगमेश्वर तालुका : माणसं किती, कमाई कुठली आणि मोजणी कुणाची?

दर जूनला शाळेत पहिलीचे फॉर्म भरताना 'पालकाचा व्यवसाय' या रकान्याशी आमचं घोडं अडतं. समोर आई बसलेली असते. विचारलं की सांगते, "ते कुवेतला असतात." हे ठिकाण झालं, व्यवसाय नाही. पुन्हा विचारलं की "कंपनीत आहेत", नाहीतर "जहाजावर आहेत". मग तिलाच विचारतो, तुम्ही काय करता? "काम कसलं सर, घरीच असते." तीच बाई जुलैमध्ये गुडघाभर चिखलात भाताची लावणी करताना आम्हाला रस्त्यावरून दिसते. फॉर्मवर मात्र 'गृहिणी' लिहिलं जातं.

आमच्या तालुक्याचे सरकारी आकडे वाचताना हा रकाना आम्हाला नेहमी आठवतो. घर ज्याच्या पैशावर चालतं तो गावच्या मोजणीत नाही आणि घर जिच्या हातांवर चालतं तिचं काम मोजणीत नाही. आता जनगणना २०२७ आली आहे. म्हणून संगमेश्वर तालुक्यात कोण राहतं, काय करतं, पैसा कुठून येतो आणि कागदावर यातलं किती उतरतं, याची माहिती एका जागी मांडत आहोत. शेवटी मोजणीच्या वेळी घरच्यांनी काय सांगावं हेही दिलं आहे.

तालुका कसा आहे

रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा आणि राजापूर. संगमेश्वर हे नाव शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरच्या गावाचं, पण तालुक्याची कचेरी देवरुखला. दोन्ही गावांत सतरा-अठरा किलोमीटरचं अंतर. त्यामुळे दाखल्यासाठी खाडीकाठच्या माणसाला आधी संगमेश्वर गाठावं लागतं आणि मग घाटी चढून देवरुख.

पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेकडे खाडीपट्टा आणि मध्ये डोंगर-वहाळांत विखुरलेली दोनशेच्या जवळपास गावं. गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. एकाच गावात चार-पाच वाड्या, एखादा मोहल्ला, एखादी बौद्धवाडी आणि त्यांच्यामध्ये पाऱ्या आणि चढ. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मार्चनंतर विहिरी तळ दाखवतात.

मुंबई-गोवा महामार्ग आरवली, तुरळ, संगमेश्वर असा तालुक्याच्या मधून जातो. दक्षिणेला साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूरची वाट आहे. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली आणि तालुक्याला आरवली रोड, संगमेश्वर रोड ही स्टेशनं मिळाली. पुढे कडवईलाही गाडी थांबू लागली. त्याआधी, रस्ते धड नव्हते तेव्हा, खाडीतून होडी-मचव्याने जयगड आणि तिथून बोटीने मुंबई हाच मार्ग होता. शास्त्री नदी गाळाने भरत गेली आणि संगमेश्वरच्या बंदराचं वैभव संपलं.

एकूण माणसं

आजही हाताशी असलेले पूर्ण आकडे २०११ च्या जनगणनेचेच आहेत, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्या मोजणीत संगमेश्वर तालुक्याची लोकसंख्या १,९८,३४३ होती. जिल्ह्यातल्या तालुक्यांचा क्रम असा लागतो:

रत्नागिरी – ३,१९,४४९
चिपळूण – २,७९,१२२
संगमेश्वर – १,९८,३४३
खेड – १,८१,६१५
दापोली – १,७८,३४०
राजापूर – १,६५,८८२
गुहागर – १,२३,२०९
लांजा – १,०६,९८६
मंडणगड – ६२,१२३
एकूण जिल्हा – १६,१५,०६९

म्हणजे जिल्ह्यातल्या दर आठ माणसांत एक आमच्या तालुक्याचा. लोकसंख्येत आम्ही तिसरे. पण रत्नागिरी आणि चिपळूण या दोन्ही तालुक्यांत मोठं शहर आहे, आमच्याकडे नाही. देवरुख हे बाजाराचं आणि कॉलेजचं गाव. बाकी सगळा तालुका खेड्यांचा. जिल्ह्यात शहरी वस्ती जेमतेम १६ टक्के आहे, राज्यात ती ४५ टक्क्यांच्या वर.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. दहा वर्षांत ती ८१,७०८ ने घटली, म्हणजे जवळपास पाच टक्के. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. राज्यात असं घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. इथे ना दुष्काळ पडला, ना साथ आली. लेकरं कमी झाली हे एक कारण, आणि माणसं उठून वसई, विरार, मुंब्रा, मीरा रोड, नालासोपाऱ्याला गेली हे दुसरं आणि मोठं.

लोकसंख्या घटली की काय होतं? २००८ पर्यंत संगमेश्वर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००१ च्या आकड्यांवर पुनर्रचना झाली, तेव्हा जिल्ह्याच्या सातातल्या दोन जागा गेल्या, एक खेडची आणि एक आमची. तालुक्याचे तुकडे शेजारच्या मतदारसंघांना जोडले गेले. मुंबईच्या आसपास गर्दी वाढली, जागा तिकडे वाढल्या. गर्दीतली कितीतरी माणसं आमचीच, पण मोजली गेली तिथली म्हणून.

बायका जास्त का?

२०११ मध्ये जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८ होत्या. म्हणजे बायका ९२,८२७ ने जास्त. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. राज्याची सरासरी ९२९ आहे. रत्नागिरी या बाबतीत राज्यात पहिला. भाषणांत हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, "आमच्याकडे मुलींना मान आहे." मान असेलही. पण शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा आकडा वेगळा काढून पाहिला तर आमच्याकडेही हजार मुलग्यांमागे मुली हजारापेक्षा कमीच आहेत. जन्माला मुली जास्त येत नाहीत. मोठे झालेले मुलगे निघून जातात, म्हणून मागे बायका जास्त दिसतात.

यात जनगणनेचा नियम समजून घ्यायला हवा. मोजणीच्या काळात माणूस जिथे राहतो तिथे तो मोजला जातो. तो सबंध काळ गावाबाहेर असेल तर गावच्या यादीत येत नाही. मुंबईत राहणारा मुंबईत मोजला जातो. आखातात असणारा भारतातच मोजला जात नाही. त्यामुळे कडवई, फुणगूस किंवा कसब्याच्या एखाद्या घरात रोजच्या बोलण्यात सात माणसं असतात आणि यादीत चार.

समाज, धर्म, भाषा

तालुक्यात संख्येने कुणबी समाज मोठा. त्याखालोखाल मराठा, बौद्ध, मुस्लिम, भंडारी, गुरव, ब्राह्मण, चर्मकार, कुंभार, खाडीकाठचे खारवी आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे गवळी-धनगर. देवरुखे ब्राह्मण हे नावच देवरुखवरून पडलेलं.

२०११ च्या आकड्यांप्रमाणे जिल्ह्यात मुस्लिमांचं प्रमाण साधारण साडेअकरा टक्के आहे. राज्यातही जवळपास तेवढंच. फरक राहण्याच्या जागेत आहे. महाराष्ट्रातले दहातले सात मुस्लिम शहरांत राहतात. आमच्याकडचा कोकणी मुस्लिम खेड्यात राहतो, त्याच्या नावावर सातबारा आहे, दारात आंबा-काजू आहे. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल वाचून कुणी आमच्या तालुक्याचा अंदाज बांधू लागला तर चुकेल. शहरी वस्तीतल्या कारागिराचे प्रश्न वेगळे, आणि डोंगरउतारावर पाच-सहा गुंठ्यांचे तुकडे असलेल्या आखाती कामगाराच्या घराचे वेगळे.

भाषेचंही तसंच. तालुक्याची संगमेश्वरी बोली प्रसिद्ध आहे, तिच्यावर लोक पोट धरून हसतात आणि प्रेमही करतात. आमच्या मोहल्ल्यांत घरी कोकणी चालते. ती मराठीच्या सख्ख्या बहिणीसारखी, अरबी-फारसी शब्द मिसळलेली. मदरशात आणि उर्दू शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी. आमच्या वर्गातलं पोर दिवसाला तीन भाषा बोलतं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. जनगणनेत मात्र मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव लिहावं लागतं.

जमीन आणि शेती

कोकणात जमिनीचा विषय खोतीशिवाय समजत नाही. खोत सरकारचा सारा गोळा करायचा आणि कुळांकडून त्याहून कितीतरी जास्त वसूल करायचा. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुस्लिमही होते. कसणारी कुळं बहुतेक कुणबी, महार आणि गरीब मुस्लिम. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पुढे कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याला मालकी मिळू लागली. आज गरीब घरांतही जमिनीचा तुकडा सापडतो तो यामुळे.

पण तुकडाच. दोन-तीन पिढ्यांत वारस वाढले, वाटण्या कागदावर झाल्याच नाहीत. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं. त्यांतले काही मयत, काही मुंबईला, काही परदेशात. कर्ज, विहीर, फळबाग, नुकसानभरपाई, कशालाही सगळ्यांच्या सह्या लागतात. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये घेताना बऱ्याच घरांना पहिल्यांदा कळलं की आजोबांच्या नावावरून जमीन खाली उतरलेलीच नाही. आमच्या समाजात शरियतप्रमाणे मुलींचा हिस्सा ठरलेला आहे, पण वारस नोंदीच्या वेळी बहिणींची नावं लावायला भाऊ मागेपुढे पाहतात. तो हक्क त्यांना दीनने दिला आहे, भावाच्या मेहरबानीवर तो अवलंबून नाही. हे स्पष्ट सांगायला हवं.

पीक मुख्यतः पावसाळी भाताचं. आधी भाजावळ, मग तरवा, मग लावणी. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. हे धान्य बाजारात फारसं जात नाही, घरात खाल्लं जातं. विकण्यासाठी काजू, आंबा, थोडा कोकम आणि फणस. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी जिल्हा आहे. पण आमचा तालुका समुद्रापासून आत, त्यामुळे इथला आंबा किनाऱ्यापेक्षा उशिरा तयार होतो आणि चढे भाव निघून गेल्यावर पेटीत भरला जातो. म्हणून आमच्या भागात खरा आधार काजूचा. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला जातीची कलमं लागली आणि ओसाड वरकस हिरवी झाली. पण काजू बीचा भाव गावात ठरत नाही. कारखानदार आफ्रिकेतून स्वस्त बी आणतात, आणि इथला भाव खाली येतो.

त्यात माकडं आणि रानडुकरं. भात, भाजी, फणस, काहीच ठेवत नाहीत. राखण करायला घरात तरणा माणूस नाही. म्हणून दरवर्षी आणखी एक मळी पड राहते. शेत सोडण्यामागे आळस आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा लावणीच्या मजुरीचा, नांगराच्या भाड्याचा आणि हाती आलेल्या भाताचा हिशोब मांडून पाहावा.

बाहेरची कमाई

जमीन पुरत नाही ही गोष्ट आजची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे लोक सगळ्यात जास्त होते. कुणबी-मराठा तरुण गिरणीत गेला, बौद्ध तरुण गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत, मुस्लिम तरुण गोदीत आणि जहाजावर. खलाशी, तांडेल, सारंग असे हुद्दे आमच्या आजोबांच्या पिढीत घरोघरी होते. मुंबईत गावागावाच्या खोल्या होत्या. गिरणगावात वाडीची खोली, डोंगरी-माझगावात जमातीची खोली. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीने झोपायची आणि महिन्याला गावाकडे मनीऑर्डर सुटायची. तेव्हापासून कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' म्हणतात.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि तो संपलाच नाही. कुणबीवाडीतल्या, बौद्धवाडीतल्या घरांची मनीऑर्डर थांबली. कित्येक माणसं गावी परतली आणि पुन्हा नांगर धरला. मोहल्ल्यांना तो धक्का कमी बसला, कारण तोवर आखाताचा दरवाजा उघडला होता. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला. दुबई, कुवेत, बहरीन, कतार, सौदी इथे ड्रायव्हर, फिटर, वेल्डर, स्वयंपाकी, दुकानात हिशोब लिहिणारा, नंतर इंजिनिअर अशी रांग लागली. मातीच्या भिंती गेल्या, चिऱ्याची आणि मग काँक्रीटची घरं आली. मशिदी दुरुस्त झाल्या, मुली शाळेत जाऊ लागल्या. शिकलेली मुलगी परदेशी पत्र वाचू शकते हा तेव्हाचा मोठा युक्तिवाद होता.

पण हा पैसाही एका धाग्यावर आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी परत आणले गेले. त्यांत कोकणचे कितीतरी अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. २०२० मध्ये कोविडने पुन्हा तेच दाखवलं. आज तर आखाती देश आपल्याच तरुणांना नोकरीत आधी घेऊ लागले आहेत. खाली हाताने काम करणाऱ्याचा पगार वाढत नाही, राहणीचा खर्च वाढतो, आणि तिथे कितीही वर्षं काढली तरी नागरिकत्व नाही, म्हातारपणी परत यायचंच आहे. पेन्शन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. चाळीस वर्षं परदेशात राबून हाती एक मोठं घर उरलं, ज्यात दोघं म्हातारी राहतात, असं चित्र आमच्या मोहल्ल्यात एक-दोनच नाही.

मोठी घरं वर्षातले दहा महिने बंद असतात. ती मे महिन्यात आणि ईदला उघडतात, वाड्यांतली गणपती-शिमग्याला. लग्नं मेमध्येच लागतात, कारण तेव्हाच माणसं असतात.

तालुक्यातली कमाई

गावात राहून पगार मिळवण्याच्या वाटा मोजक्याच. शिक्षक, ग्रामसेवक, एसटी, वीज मंडळ, आरोग्य खातं, बँक-पतसंस्था. नाहीतर देवरुख, संगमेश्वर, साखरपा, माखजनच्या बाजारपेठा. माखजन आणि संगमेश्वरच्या पेठेत पावसाळ्यात नदीचं पाणी शिरतं आणि दुकानदार वर्षाची बचत धुऊन निघालेली पाहतो. त्याशिवाय रिक्षा-टेम्पो, गवंडी, सुतार, चिरेखाण, खाडीतली मासेमारी आणि चिकन-मटणाची दुकानं. देवरुखला शिक्षणसंस्था आहेत, जवळच आंबवला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये सुरू केलेलं 'मातृमंदिर' आहे, ज्याच्या आधाराने कितीतरी बायका बाळंत झाल्या आणि कितीतरी पोरकी मुलं वाढली. मार्लेश्वरची यात्रा, कसब्याचं कर्णेश्वर, आरवली-तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं असं पाहण्यासारखं खूप आहे, पण प्रवासी थांबून पैसा खर्च करील अशी सोय थोडी. महामार्गाच्या चौपदरीकरणात कडेची दुकानं गेली आणि काम वर्षानुवर्षं रखडलं, त्यात छोट्या व्यापाऱ्याने दुहेरी मार खाल्ला.

गंमत पाहा, आमची माणसं बाहेर जातात आणि बाहेरची इथे येतात. चिरेखाणीवर आणि रस्त्यावर कर्नाटकातले मजूर, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी, बांधकामावर उत्तर भारतातले कारागीर. कष्टाचं काम इथेही आहे. पण गावच्या पोराला ते करताना मुंबईच्या पाच आकडी पगाराशी तुलना सुचते, आणि लग्नाच्या बाजारात तर गावात राहणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. मुलीचे आईबाप आधी विचारतात, "मुलगा बाहेर असतो ना?" तरुण जातात यात आपल्या सगळ्यांचा हात आहे.

शिक्षण आणि वय

जिल्ह्यातली साक्षरता ८२.१८ टक्के, राज्याच्या जवळपास बरोबरीची. फोड केली तर पुरुषांत दहातले नऊ साक्षर, बायकांत चारातल्या तीनच. ही तफावत बहुतेक जुन्या पिढीची. आज आमच्या वर्गात मुली अभ्यासात पुढे असतात. अडचण दहावीनंतर येते. कॉलेज लांब, संध्याकाळची एसटी बेभरवशाची, आणि मग "पुरे झालं शिक्षण."

शाळांचा प्रश्न मात्र मुलांच्या संख्येचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण शिक्षक पटावर मिळतात. वाडीत सात-आठ मुलं उरली की चार वर्ग एका शिक्षकाकडे, आणि मग समायोजनाची चर्चा. उर्दू शाळांना हा धोका आणखी मोठा. शेजारच्या गावची उर्दू शाळा एक किलोमीटरवर नसते, ती दहा किलोमीटरवर असते.

आणि म्हातारी माणसं. साठीच्या पुढच्यांचं प्रमाण राज्यात ज्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त, त्यांत सिंधुदुर्ग-रत्नागिरी आहेत. रात्री कुणाला छातीत दुखलं तर गाडी चालवणारा माणूस वाडीत असेलच असं नाही. मय्यत उचलायला चार खांदे जमवताना शेजारच्या गावाला फोन करावा लागतो, हे मागच्या काही वर्षांत आम्ही स्वतः पाहिलं आहे.

मोजणी आली आहे: काय सांगाल?

जनगणना २०२७ ची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि संदर्भ तारीख १ मार्च २०२७. ही मोजणी मोबाइल ॲपवर होणार, कुटुंबाला स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे, आणि यात जातीची नोंदही होणार. मोजणीला येणारे बहुतेक आमच्यासारखे शिक्षकच असतील.

या आकड्यांवर काय ठरतं? रेशनचंच पाहा. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राचे सुमारे सात कोटी लाभार्थी २०११ च्या आकड्यांवर ठरले आणि आजही तोच इष्टांक धरून तालुक्यांना धान्य येतं. आरोग्य केंद्रं, मतदारसंघ, आरक्षण, योजनांचे कोटे यांचाही पाया हाच. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, जो गावात राहतो त्याचं नाव सुटता कामा नये. आजी, विधवा काकू, नवजात बाळ, माहेरी आलेली आणि आता इथेच राहणारी मुलगी, मदरशात शिकायला राहिलेला मुलगा. जो जिथे राहतो तिथे त्याची एकदाच नोंद व्हावी. मुंबईत राहणाऱ्याचं नाव हट्टाने गावी लावू नका. ते चूक आहे, आणि दोनदा नोंद झाली तर आकडाच खोटा ठरतो.

दुसरी, बाईच्या कामाला 'काही नाही' म्हणू नका. तिने लावणी केली, काजू गोळा केले, शेळ्या राखल्या, शिलाई केली, तर ते सांगा. मागच्या जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारा मुख्य कामगार आणि कमी करणारा सीमांत कामगार धरला जायचा. म्हणजे तीन महिने शेतात राबणारी बाईही कामगारच. तिने "घरीच असते" म्हटलं की तालुक्याच्या शेतीत माणूसच नाही असं चित्र तयार होतं.

तिसरी, मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. जी असेल ती खरी सांगा. दुसरी आणि तिसरी येणारी भाषाही मागच्या वेळी विचारली होती. तिथे उर्दू, मराठी सांगता येते.

चौथी, भीती बाळगू नका. जनगणना अधिनियम १९४८ प्रमाणे घरोघरी दिलेली माहिती गोपनीय असते. कुणाला ती पाहायला मिळत नाही आणि पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाही. मोजणीसाठी कागदपत्रं दाखवावी लागत नाहीत. मतदार यादीचं काम वेगळं, ते नीट वेगळं करून वेळेत करा. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण रिवाजाने पतीचं नाव न घेणाऱ्या बाईला ते घ्यायची सक्ती नाही, इतका विचार कायद्यानेच केला आहे.

पाचवी, गावाने स्वतःची एक वही करावी. जमातीने, वाडीच्या मंडळाने, ग्रामपंचायतीने मिळून लिहावं: किती घरं उघडी, किती बंद, कोण कुठे आहे, कोणतं काम येतं, किती म्हातारी एकटी राहतात, किती मुलं पुढच्या जूनला पहिलीत येणार. सरकारची मोजणी परदेशातला माणूस धरत नाही, पण आपली वही धरू शकते. शाळा टिकवायची असो, अॅम्ब्युलन्स आणायची असो की आखातातून परतलेल्या वेल्डरला इथे काम द्यायचं असो, बोलायला आधी आकडा लागतो.

आम्ही यंदाच्या जूनपासून आमच्या वर्गापुरतं एक सुरू केलं आहे. आई "घरीच असते" म्हणाली की लेखणी खाली ठेवतो आणि विचारतो, शेत कोण करतं? ती हसते, जरा थांबते, मग म्हणते, "मीच." तेव्हा रकान्यात 'शेती' लिहितो. आपापल्या घरी मोजणीदार आला की ही गोष्ट आधीच ठरवून ठेवा, एवढंच सांगायचं होतं.